सीनू, तुझे सगळे गेम उतरवून घेतले

सीनू, तू गेल्यावर तुझ्या नावाचं म्हणून माझ्या फोनवर जे पहिल्यांदा आलं, ते सहा आकडे होते.

मी स्टुडिओत होते. एका हळदीचा अल्बम लावत बसले होते. नवरीच्या मामीचे डोळे मिटलेले फोटो बाजूला काढायचं काम चाललं होतं. फोन वाजला. लॉगिनसाठी हा कोड वापरा, कुणालाही सांगू नका, एवढाच मजकूर. मला वाटलं, कुणीतरी फसवायला बघतंय. पुसून टाकला. जरा वेळानं दुसरा आला, मग तिसरा. तिसऱ्या वेळी मात्र पाठवणाऱ्याचं नाव नीट वाचलं आणि माउसवरचा हात तसाच राहिला. तू ज्या ऑनलाइन दुकानातून कॉम्प्युटरचे गेम विकत घ्यायचास, त्या दुकानाचं नाव होतं ते.

ते अकाउंट आपण दोघांनी मिळून उघडलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तुझा फोन दुरुस्तीला टाकला होता म्हणून नंबर माझा दिला. "नंतर बदलू की," तू म्हणालास. पुढं आपण वेगळे झालो, कोर्टाचे कागद झाले, मी होटगी रोडला खोली घेतली, आणि नंबर तसाच राहिला. आळसानं राहिला की तू ठेवलास, हे आता तुला विचारता येणार नाही. खरं सांगू का, विचारायचंही नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर असू दे, मला चालेल.

तेवढ्यात श्रीलताचा फोन आला.

"हॅलो," ती म्हणाली आणि गप्प झाली. मला काय म्हणून हाक मारावी ते तुझ्या धाकट्या बहिणीला सुचत नव्हतं. लग्न झाल्या दिवसापासून ती मला वदिना म्हणायची. तुमच्या तेलुगूतली वहिनी. आता वदिना म्हणावं तर नातं राहिलेलं नाही, आणि नावानं हाक मारायची सवय नाही. शेवटी तिनं काहीच न म्हणता सरळ विचारलं, "काही कोड आला का गं?"

"आला. तीनदा."

"मीच पाठवत होते. सीनूअन्नाचा लॅपटॉप लई अडकायला लागला होता, म्हणून दुकानात देऊन फॉरमॅट करून आणला. आता त्याचे गेम उघडायला गेलं की पासवर्ड विचारतंय, कोड विचारतंय. नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसले आणि मला कळलं, हा तुझा. आणि त्या गेमच्या दुकानाचा मेल आलाय. महिनाअखेरीला ते दुकानच बंद होणार हाय. ज्याचं त्यानं डाउनलोड करून घ्या म्हणे, नंतर काही मिळणार नाही."

"तुला हवेत का ते गेम?"

"मला नाही गं. बापूंना."

बापू म्हणजे तुझे वडील. माझे सासरे, लग्नापासून मी त्यांना मामा म्हणते. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मला माहीत असलेले मामा कारखान्यातून आले की पाय धुऊन बातम्या लावायचे, आणि तुझ्या खोलीतून गेमचा आवाज आला की म्हणायचे, "ह्यानं पोट भरतंय काय?"

"रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसतात," श्रीलता म्हणाली. "नुसता उघडतात. बोलत काहीच नाहीत. तू कोड सांगशील?"

कोड फोनवर सांगता आला असता. पण मी म्हटलं, रविवारी येते.

का म्हटलं? कारण तुला नेलं त्या दिवशी मी आले होते सीनू, पण आत आले नव्हते. तुझ्या मित्रानं कळवलं तशी निघाले, आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीजवळ उभी राहिले. आत जावं तर कोण म्हणून जावं? घरात बायका बसलेल्या असणार. त्यांच्यात माझी जागा कुठली? लांबूनच हात जोडले आणि परत फिरले. माढ्याहून आईचा फोन आला तर तिलाही धड सांगता येईना, काय झालंय मला. नवरा गेला म्हणावं तर तो नवरा नव्हता. त्यानंतरचे दिवस मी रडले नाही. फक्त स्टुडिओत जाऊन अल्बम लावत राहिले.

आणि आता जायला एक कारण मिळालं होतं. खरंखुरं, कामाचं कारण.

आपलं या गेमवरून एक भांडण अर्धं राहिलंय, ते तुला आठवत असेल. दर सेलमध्ये तू चार-पाच गेम घ्यायचास आणि एकही उघडायचा नाहीस.

"खेळणार कधी?" मी विचारायचे.

"आहेत की. कुठं पळून चाललेत?"

"मग घेतोस कशाला?"

"आपले असावेत म्हणून."

हे दुकान तू निवडलं होतंस तेही त्यासाठीच. बाकीची दुकानं गेम खेळू देतात, पण फाइल हातात देत नाहीत. हे दुकान अख्खी फाइल द्यायचं. एकदा उतरवून घेतली की पुन्हा कुणाला विचारायला नको, नेट नको, पासवर्ड नको. तू हे दहा जणांना अभिमानानं समजावून सांगायचास आणि स्वतः एकही फाइल उतरवून घ्यायचा नाहीस. मी डोकं धरायचे. आमच्या स्टुडिओत लग्नाचं शूटिंग आलं की दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करत नाहीत. मी म्हणायचे, "दुकान बंद पडलं तर?" तू म्हणायचास, "इंटरनेटवरचं कधी बंद पडतं काय वैशाली?"

पडतं, सीनू. या भांडणात मी जिंकले. पण समोर तू नसताना जिंकण्यात काही राम नाही, तेव्हा ते अर्धंच राहू दे.

गेमचं होतं तेच बाकीचं होतं. जुळे सोलापुरातला फ्लॅट आपण किती वेळा बघून आलो. स्वयंपाकघरात ओटा कुठल्या बाजूला पाहिजे इथपर्यंत ठरलं, आणि तू म्हणालास, दिवाळीनंतर बघू. डॉक्टरकडे जायचं होतं, मूल का होत नाही ते विचारायला. उन्हाळ्यानंतर. मी तुझ्यावर चिडून गेले नव्हते. दमून गेले होते, आणि हे तुलाही कळलं होतं. सही करताना तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, ती अजून आठवते. तिच्यात राग नव्हता. त्या निर्णयाबद्दल मला आजही काही टोचत नाही.

टोचायचं ते वेगळंच. माझ्या डोळ्यांपुढे तुझं एक चित्र बसलं होतं. वरच्या खोलीत तू बसलायस, समोर न उघडलेल्या गेमची लांबलचक यादी आहे, आणि तू ती वरखाली करत नुसता बघतोयस. पुढे तुझ्या किडनीचं कळलं, आठवड्यातून दोनदा मशिनवर जावं लागतं हे कळलं, तसं ते चित्र आणखी जड झालं. एकदा तुला दवाखान्यात भेटायला आले होते, तेव्हा तू बाहेर बाकावर बसला होतास, चेहरा सुजलेला.

मी म्हटलं, "चार तास नुसतं पडून राहायचं म्हणजे कंटाळा येत असेल."

तू म्हणालास, "नाही येत गं," आणि हसलास.

मला वाटलं, माझ्यासाठी हसलास. बसस्टँडपर्यंत चालत येताना एकच विचार डोक्यात होता, हा माणूस काहीच न खेळता जाणार.

रविवारी सकाळी दोन रिकाम्या हार्ड डिस्क पर्समध्ये टाकून तुमच्या घरी आले. गल्लीत शेजारच्या घरातले माग चालू होते. त्या खटखटीची मला सवय मोडली होती. दार अत्तम्मांनी उघडलं. तुझी आई आधीच मोजकं बोलणारी. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, दारातून बाजूला झाली आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला. हातात दिला नाही.

मामा मात्र खुर्चीवरून उठले. "रा बिड्डा, ये पोरी," म्हणाले. शर्ट अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा इतके वाळलेत. लॅपटॉपवर टॉवेल झाकलेला होता. तो त्यांनी घडी करून मांडीवर घेतला आणि माझ्याकडे असं बघत बसले, जसं डॉक्टर तपासताना माणूस बघतो.

पासवर्ड नवा केला, कोड आला, घातला, आणि तुझे गेम समोर आले. चित्रांच्या ओळीच्या ओळी. मी एकेक फाइल उतरवायला लावली. तुमचं नेट मुंगीच्या पावलानं चालत होतं. मधे लाइट गेली, आली, अर्धी झालेली फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. श्रीलता तिच्या फोनचं नेट जोडून देत होती. मला सगळ्यात जास्त भीती होती ती या शांततेची. एवढ्या वेळात आम्ही चौघं काय बोलणार?

पण पहिल्या फाइलचं चित्र समोर आलं आणि मामा म्हणाले, "हा झाला आमचा."

"काय झाला, मामा?"

"संपवला की. ह्यात एक म्हातारी असती. गावातली विहीर हरवलेली असती, ती शोधत फिरती. लई फिरवलं तिनं आमाला. दोन आठवडे तिच्याच मागं होतो."

दुसरं चित्र आलं. "हा पण झाला. बेटावर एक पोस्टमन हाय, एकलाच. सगळ्या घरात टपाल टाकत जायचं, पण एका बी घरात माणूस न्हाय. मला वाटायचं, हा येडा हाय काय, कुणाला टपाल देतो? मग शेवटी कळतं की..."

"बापू, शेवट सांगू नका," श्रीलता मधेच म्हणाली. "वदिनाला खेळायचा असेल तर?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. कुणी काही दुरुस्त केलं नाही. मामा पुढच्या चित्राकडे वळले.

"हा झाला. हा बी झाला. हा सीनूला आवडला न्हाय, सोडून दिला. हा लई भारी, ह्यात रेल्वेचा सिग्नल सांभाळायचा, धुकं असतंय. हा झाला."

मी ऐकत होते, सीनू. इंग्रजी नाव वाचता येत नसलेला माणूस चित्र बघून एकेक गेम ओळखत होता आणि त्यातली गोष्ट सांगत होता. कुठं अडकलात, कुणाला राग आला, कुठं जिंकल्यावर शेजारच्या खाटेवरच्या माणसानं टाळ्या वाजवल्या. न उघडलेले गेम म्हणून मी ज्यांच्यावर इतकी वर्षं चिडले होते, तेच हे सगळे.

"तुम्ही खेळायला कसे लागलात?" मी विचारलं.

मामांनी डावा हात टेबलावर सरळ ठेवून दाखवला. "त्याचा हा हात असा असायचा. दोन सुया लावलेल्या. हलला की मशिन ओरडायचं, मग नर्स ओरडायची. उजवा हात मोकळा, त्यात माउस. पण चालायची बटणं डाव्या हाताची असत्यात ना? मग एक दिवस मला म्हणला, बापू, हितं बसून करता काय, ही चार बटणं धरा. पुढं, मागं, हिकडं, तिकडं. मी म्हणल तसं दाबा." त्यांनी चार बोटं टेबलावर ठेवून हलवली. "पहिल्यांदा नुसती धडकाधडकी. भिंतीत घालायचो त्याला. मग जमत गेलं. नंतर नंतर तर त्यानं सांगायची गरज न्हाय. चालायचं मी, बघायचं त्यानं."

मी उठले आणि तोंड धुवायला म्हणून आत गेले.

तू म्हणाला होतास, कंटाळा येत नाही. ते खरंच होतं. माझ्या समाधानासाठी तू हसला नव्हतास. त्या चार तासांत तुम्ही दोघं कुठल्या कुठल्या बेटांवर फिरत होता, विहिरी शोधत होता, आणि मी तिकडे तुला एका खोलीत बसवून ठेवलं होतं, मनातल्या मनात. मोरीत नळ सोडून मी रडले. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. पण ते रडणं मला वाटलं होतं तसलं नव्हतं. कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी आणि मान मोकळी व्हावी, तसं काहीतरी झालं.

बाहेर आले तर अत्तम्मा स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पायानं पाट पुढं सरकवला. मी बसले. ताटाची एक बाजू त्यांनी माझ्याकडे फिरवली. आम्ही दोघी डाळ निवडत राहिलो.

डाळ अर्धी निवडून झाली तशी त्या म्हणाल्या, "दवाखान्यातनं दोघं हसत यायचे. मला लई राग यायचा. पोरगं मशिनवर पडलंय आणि ह्यांना हसू सुचतंय म्हणून. एकदा तर मी जेवायला वाढलं न्हाय."

मी एक खडा बाजूला टाकला.

"आता वाटतंय," त्या म्हणाल्या, "हसले तेवढं बरं झालं."

बाहेरून श्रीलताची हाक आली. तिचा आवाज बदललेला होता.

मामांनी तिला एक चित्र दाखवून विचारलं होतं, "हा आमचा अर्धा राहिलेला. तितनंच सुरू व्हईल की?" आणि तिला उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. उतरवलेल्या फाइलमध्ये फक्त गेम असतो. खेळणारा कुठवर पोचला, ते लॅपटॉपमध्ये वेगळं साठवलेलं असतं. आणि लॅपटॉप फॉरमॅट झाला होता.

श्रीलताचा चेहरा पांढरा पडला. "मीच दिला गं. मला काय माहीत? दुकानदारानं विचारलं, काही ठेवायचंय का, मी म्हटलं फोटो तेवढे ठेवा."

"थांब," मी म्हटलं. "एक जागा बघायची राहिलीय."

या दुकानाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते खेळणाऱ्याची प्रगती आपल्याकडेही जपून ठेवतं, पण सेटिंग चालू असेल तरच. पुष्कळ लोक ते बंद करून टाकतात. मी ते सॉफ्टवेअर घातलं, तुझं अकाउंट उघडलं, सेटिंगमध्ये गेले. मामा टॉवेलची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

सेटिंग चालू होतं. तू त्याला हातच लावला नव्हतास. दुकानानं पहिल्या दिवशी जसं दिलं तसंच सगळं. भाषा तीच, आवाज तोच, रंगसुद्धा तोच. कधी काही बदलायचं नाही या तुझ्या सवयीनं मला लग्नात रडकुंडीला आणलं होतं, आणि त्या सवयीचेच मी त्या रविवारी मनोमन पाय धरले. गोल फिरणारं ते चिन्ह थांबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. पुढे सुरू करा.

"मिळालं," मी म्हटलं. श्रीलतानं वाकून ती अक्षरं पुन्हा वाचली. मामांनी नुसतं डोळे मिटून घेतले.

पण आमच्या कामात कॉपी झाली म्हणजे संपत नाही. ती उघडून बघावी लागते. मी तो गेम आणि तुमची प्रगती दोन्ही हार्ड डिस्कवर घेतलं, नेट बंद केलं, दुकानाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नुसत्या डिस्कवरून गेम लावला. कुणालाही न विचारता तो सुरू झाला. एक डोंगर, संध्याकाळचा उजेड, पायवाट. समोर हातात कंदील धरलेला माणूस उभा. तुम्ही दोघं जिथं थांबला होता, तिथंच.

मामांनी खुर्ची पुढं घेतली आणि डाव्या हाताची चार बोटं त्या चार बटणांवर ठेवली. आपोआप. मग ते तसेच बसून राहिले. पडद्यावरचा माणूसही तसाच उभा राहिला. माउस टेबलावर रिकामा पडलेला होता.

श्रीलतानं माझ्याकडे बघितलं. मी माउस धरला.

"चला," मी म्हटलं.

मामा निघाले. मी डोंगराकडे बघायला गेले आणि एकदम आभाळ दिसायला लागलं. घाईघाईनं खाली केलं तर माणूस स्वतःच्याच पायाकडे बघत चालायला लागला, आणि धाडकन एका झाडावर जाऊन आपटला.

"अगं तिकडं काय बघतीस! वाट हिकडं हाय की!" मामा ओरडले.

"मला काय माहीत? तुम्ही थांबा ना जरा!"

"मी कशाला थांबू, तू बघ नीट! हळू फिरव. त्यो असा गरकन फिरवायचा न्हाय."

आम्ही पुन्हा त्याच झाडावर आपटलो. श्रीलताला हसू फुटलं. मग मामांना. खांदे हलवत, आवाज न करता हसतात ना ते, तसं. मीही हसत होते आणि माउस आणखीच भरकटत होता. स्वयंपाकघराच्या दारात अत्तम्मा येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"झाडाला का धडकताय?" त्यांनी विचारलं.

"ही नवीन हाय," मामा म्हणाले.

त्या दिवशी आम्ही पायवाटेच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेलो. मग मामांनीच बोटं उचलली. "बास आज," म्हणाले. "त्याच्यावाचून लगेच एवढं लांब नको." कुणाला वाईट वाटलं नाही. मी गेम तिथंच साठवला.

सगळे गेम एका दिवसात उतरणं शक्य नव्हतं. त्या आठवड्यात मी रोज स्टुडिओतून सुटले की तुमच्याकडे यायचे. काही फाइली एवढ्या मोठ्या होत्या की स्टुडिओतल्या नेटवरून उतरवल्या. आमच्या मालकांना सांगितलं, घरच्या माणसाचे आहेत. ते म्हणाले, घे. 'घरच्या माणसाचे' हे माझ्या तोंडून सहज गेलं, आणि मागाहून मला त्यात काही खोटं सापडलं नाही.

दोन डिस्क भरल्या. मी मामांना म्हटलं, दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत, एका घराला काही झालं तर दुसरी राहिली पाहिजे. ते म्हणाले, "मग विचारतीस काय? एक तुझ्याकडं ठेव." श्रीलतानं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ती माझ्या पर्समध्ये घातली. आता ती माझ्या कपाटात आहे.

महिनाअखेरीला मी त्या दुकानाचं पान उघडून बघितलं. आपले आभार, एवढंच लिहिलं होतं. बाकी काही नाही. चित्रं गेली, यादी गेली, अकाउंट गेलं. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. मी चहा ठेवला, खिडकी उघडली आणि तो पूर्ण कप गरम असतानाच प्यायले.

तुला आणखी काही सांगायचं होतं का मला? होतं. तुझ्या आजारपणात मी आणखी यायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. उत्तर आलं, नाही. तिथं तुझ्या डाव्या बाजूला एक खुर्ची होती आणि ती भरलेली होती. मी आले असते तर तू माझ्याशी बोलत बसला असतास, आणि पोस्टमनचं टपाल तसंच राहिलं असतं. ज्या माणसाला तू लहानपणापासून घाबरत होतास, त्याच्याबरोबर तुला दोन वर्षं मिळाली. तुझ्या बायकोला जे जमलं नाही, ते त्या चार बटणांनी केलं. तुला 'नंतर'वरून 'आत्ता'वर आणलं. याचा मला हेवा वाटत नाही सीनू. उलट रात्री झोप लागते.

तुझ्याबद्दलची एकच तक्रार शिल्लक आहे. मामांना एवढं सगळं शिकवलंस, पण गेम साठवून बंद कसा करायचा ते शिकवलं नाहीस. ते सरळ लॅपटॉपचं झाकण मिटतात. मी शिकवतेय. हळूहळू येईल.

परवाच्या रविवारी मी निघायच्या तयारीत होते. मामांचा आदल्या दिवशीच निरोप आला होता, पुलाजवळ अडकलोय, ये. चप्पल घालतच होते तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. उचलला तर पलीकडे अत्तम्मा. लग्न होतं तेव्हाही त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. शेजारणीच्या फोनवरून बोलत होत्या, आणि लांबून बोलतोय म्हणून मोठ्यानं बोलत होत्या.

"निघालीस काय?"

"निघतेच आहे, अत्तम्मा. का हो, काय झालं?"

"काय व्हायचंय? येताना अंबाडीची जुडी आण. हितं सगळी जून आलीय. आणि बघून घे, परवा श्रीलतानं नुसत्या काड्या आणल्या."

"आणते."

"आणि जेवून येऊ नको," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी मंडईजवळ रिक्षातून उतरले, चार ठिकाणी पानं मोडून बघितली, आणि एका बाईकडे कोवळी मिळाली.